रिटर्न भरताना तीन वर्षांनी येणारी नोटीस डोळ्यांसमोर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.कॉम. झालंय, एका सीएंच्या ऑफिसात सहा वर्षं रिटर्न आणि टीडीएसचं (पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराचं) काम केलंय, सीएची परीक्षा द्यायचा विचार नाही. आता आयकर रिटर्न भरून देण्याचं स्वतःचं छोटं काम सुरू करायचंय. परवाना लागतो का, क्लायंट कुठून येतील, फी किती ठेवायची, आणि ‘जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्यांच्या गर्दीत टिकायचं कसं?

मी हे काम एकोणीस वर्षं करते आहे. सीए नाही, कर सल्लागार आहे. ऑफिसात मी आणि दोन मदतनीस, एवढाच पसारा.

परवान्याचं आधी उरकते. दुसऱ्याचं रिटर्न तयार करून द्यायला वेगळा परवाना लागत नाही. क्लायंटच्या वतीने आयकर खात्यासमोर बाजू मांडायची असेल तर मात्र ‘अधिकृत प्रतिनिधी’ असावं लागतं. १९६१च्या आयकर कायद्यात हे कलम २८८मध्ये आहे. सीए आणि वकिलांबरोबर ठरावीक शैक्षणिक पात्रता असलेल्यांनाही तिथे जागा आहे आणि कॉमर्सची पदवी त्यात बसते. आपलं विद्यापीठ नियमांतल्या यादीत आहे ना, ते एकदा पाहून घ्या. टॅक्स ऑडिट फक्त सीएच करू शकतो, त्या वाटेला जाऊ नका. जीएसटीचं काम प्रॅक्टिशनर म्हणून करायचं तर त्याची नोंदणी आणि परीक्षा वेगळी आहे. आणि एक गोष्ट आजपासूनच पाळा. लोक तुम्हाला ‘आमचे सीए’ म्हणायला लागतील, तेव्हा दर वेळी तिथल्या तिथे दुरुस्त करा. सदस्य नसताना सीए असल्याचं भासवणं हा १९४९च्या सीए कायद्याखाली गुन्हा आहे. नुसतं गप्प बसून मोठेपणा घेणंही मला योग्य वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या प्रश्नात क्लायंट, फी आणि स्पर्धा आहे, पण या तिन्हींची उत्तरं एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत: तुम्ही भरलेलं रिटर्न वाचणार कोण?

जुलैमध्ये रिटर्न अपलोड होतं, ते बेंगळुरूच्या सीपीसीमध्ये, म्हणजे खात्याच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात, संगणक तपासतो, कलम १४३(१)ची सूचना येते, रिफंड खात्यात जमा होतो. क्लायंटच्या दृष्टीने काम संपलं. तुम्हीही तसंच समजलात तर फसाल. संगणकाने बेरीज-वजाबाकी आणि टीडीएसचा मेळ बघितलेला असतो. घरभाडं खरंच दिलं का, देणगी खरंच गेली का, हे त्याने विचारलेलं नसतं. ते विचारण्याचा अधिकार खात्याकडे पुढे कितीतरी काळ राहतो. आत्ताच्या तरतुदींप्रमाणे फेरआकारणीची (जुनं रिटर्न पुन्हा उघडून कर ठरवण्याची) नोटीस करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं आर्थिक वर्ष, संपल्यापासून तीन वर्षं तीन महिन्यांपर्यंत येऊ शकते. दडलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षं तीन महिन्यांपर्यंत. म्हणजे आज तुम्ही भरलेला प्रत्येक आकडा कुणीतरी तीन वर्षांनी समोर धरून ‘हा कुठून आला?’ असं विचारू शकतं. त्या दिवशी तुमच्या फायलीत उत्तर असलं पाहिजे. मी सगळं काम या एका कसोटीवर बेतलं आहे.

‘जास्त रिफंड’वाल्यांशी स्पर्धेचं उत्तरही यातच आहे. १४ जुलै २०२५ रोजी खात्याने देशभरात १५० ठिकाणी एकाच वेळी पडताळणी केली. कारवाईचा रोख बनावट वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्या टोळ्यांवर होता, आणि त्यांत रिटर्न भरून देणारेही होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न अद्ययावत करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असं खात्याने तेव्हा जाहीर केलं. त्याच निवेदनातला एक तपशील मला आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो. हे लोक घाऊक रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ईमेल उघडत आणि नंतर सोडून देत. नोटिसा त्या ईमेलवर जाऊन पडत आणि करदात्याला पत्ताच नसे. चुकीच्या माहितीने उत्पन्न कमी दाखवलं तर त्या कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे, आणि तो भरायचा असतो क्लायंटने.

म्हणून माझ्याकडे पहिला नियम असा: पोर्टलवर मुख्य मोबाइल आणि ईमेल क्लायंटचाच. माझा दुय्यम म्हणून. ज्यांना ईमेल जमत नाही त्यांच्या मुलाचा किंवा सुनेचा, पण घरातलाच. ओटीपीही क्लायंटनेच बघून सांगायचा, फोन माझ्या ऑफिसात ठेवून जायचा नाही. कुणाचं काम नव्याने घेतलं की सगळ्यांत आधी मी प्रोफाइल उघडते. निम्म्या वेळा तिथे जुन्या सल्लागाराचा नंबर सापडतो, आणि कधी कधी त्याच्यामागे न वाचलेल्या दोन-तीन नोटिसाही. दोषपूर्ण रिटर्नच्या नोटिशीला उत्तर द्यायला १५ दिवस असतात. ते उत्तर गेलं नाही तर रिटर्न भरलंच नव्हतं असं धरलं जाऊ शकतं. विचार करा, माणूस फी देऊन, रिटर्न भरून निश्चिंत झालेला आहे आणि कायद्याच्या लेखी त्याने काहीच भरलेलं नाही.

माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती तुमच्याकडूनही होण्यासारखी आहे. तिसऱ्या वर्षी एक पगारदार गृहस्थ फॉर्म १६ (पगार आणि टीडीएसचं कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र) घेऊन आले. मी फॉर्म १६ वरून रिटर्न भरलं, रिफंडही आला. त्यांनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नोकरी बदलली होती. पहिल्या कंपनीचा फॉर्म १६ त्यांना मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी तो विषयच काढला नाही, आणि मी विचारलं नाही. फॉर्म २६ एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या टीडीएसची खात्याकडची नोंद, उघडला असता तर दोन्ही कंपन्यांचा टीडीएस समोर दिसला असता. दोन्हीकडे पगार वेगवेगळा धरून टीडीएस कापलेला, करमुक्त मर्यादेचा फायदा दोनदा घेतलेला. पुढे नोटीस आली तेव्हा मिळालेला रिफंड तर परत गेलाच, वर कर आणि व्याजही भरावं लागलं. व्याज मी माझ्या खिशातून दिलं. ते गृहस्थ आजही माझ्याकडे आहेत, पण त्या आठवड्यात त्यांच्या बायकोसमोर बसून हिशोब समजावताना जे वाटलं होतं, ते मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी कागद हातात घेण्याआधी प्रश्न विचारते, आणि तेही ‘अजून काही उत्पन्न आहे का?’ असे मोघम नाहीत. मोघम प्रश्नाला ‘नाही हो, पगारच’ हेच उत्तर येतं. नोकरी बदलली का? घर, प्लॉट, सोनं काही विकलं का? शेअर किंवा म्युच्युअल फंडातले पैसे एका फंडातून दुसऱ्या फंडात फिरवले का? (लोकांना ही विक्री वाटतच नाही.) बँकेत किती खाती आहेत, बंद केलेलं खातं कुठलं? ऑप्शनमध्ये हात घातला का? या शेवटच्या प्रश्नावर माणूस थोडा थांबतो. मग म्हणतो, ‘केलं होतं, पण लॉस झाला, तो कशाला दाखवायचा?’ तेव्हा त्याला सांगायचं की फ्युचर्स-ऑप्शन हे व्यवसायाचं उत्पन्न आहे, म्हणून फॉर्म बदलतो. आणि तोटा मुदतीत दाखवला तर आठ वर्षं पुढे ओढून पुढच्या नफ्यातून वजा करता येतो. मुदत गेली की तो हक्कही गेला.

परदेशी कंपनीत काम करणाऱ्यांना आणखी एक प्रश्न: मूळ कंपनीचे शेअर मिळालेत का? ते विकले नसले, त्यांवर एक रुपया लाभांश आला नसला, तरी निवासी करदात्याला ते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात. त्या तक्त्याचा हिशोब आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी ते डिसेंबर असतो, तिथे भले भले चुकतात. काळ्या पैशाविरोधी २०१५च्या कायद्यात ही माहिती न देण्याला दहा लाखांचा दंड आहे. छोट्या रकमांना २०२४पासून काहीशी सूट मिळाली आहे, तरी तिच्या भरवशावर तक्ता कोरा सोडू नका.

वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस (करदात्याच्या व्यवहारांची खात्याकडे जमलेली यादी) आल्यापासून काम सोपं झालं असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. एआयएस ही विचारायच्या प्रश्नांची उत्तम यादी आहे, उत्तरपत्रिका नव्हे. संयुक्त खात्याचं सगळं व्याज एकाच्याच नावावर दिसतं, एकच व्यवहार दोन ठिकाणांहून येतो, शेअरची खरेदी किंमत रिकामी असते. चूक असेल तर पोर्टलवर अभिप्राय नोंदवा, त्याचा पुरावा फायलीत ठेवा आणि रिटर्न खऱ्या आकड्याने भरा. एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न सोडून द्यायचं, हे मात्र कधीच नाही.

रिटर्न अपलोड करण्याआधी मी क्लायंटला एका पानाचा हिशोब पाठवते. उत्पन्न काय काय धरलं, वजावटी कोणत्या, जुनी करपद्धती की नवी आणि दोन्हींत कर किती, रिफंड कोणत्या खात्यात. खाली एक ओळ: ‘याखेरीज माझं उत्पन्न नाही, वजावटींचे पुरावे माझ्याकडे आहेत.’ त्यावर ‘मंजूर’ असं लेखी उत्तर आल्याशिवाय मी पुढे जात नाही, सख्ख्या भावाचं रिटर्न असलं तरी. करपद्धतीचा निर्णय तर विशेषच जपून. नवी पद्धत आता आपोआप लागू असते, आणि व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला जुन्या पद्धतीत जायला मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. तो एकदा जुनीतून नवीत परतला की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनी घेता येत नाही. हा निर्णय क्लायंटचा आहे आणि तो समजून घेतल्याचा कागद तुमच्याकडे हवा.

नकार द्यायला शिका. सुरुवातीला फार जड जातं, कारण प्रत्येक माणूस हवा असतो. ‘मित्राला राजकीय देणगी दाखवून मोठा रिफंड मिळाला, माझंही करा.’ मी विचारते, देणगी दिलीत? पावती आहे, बँकेतून गेली? पैसे दुसऱ्या वाटेने परत आले का? उत्तरं डळमळली की मी नम्रपणे कागद परत देते. पण सगळ्यांकडे संशयाने बघू नका. आईच्या नावावरच्या घरात राहून आईला भाडं देणारे प्रामाणिक लोक आहेत. भाडं दरमहा बँकेतून जात असेल, करार असेल आणि आईच्या उत्पन्नात ते दिसत असेल, तर ती वजावट त्यांचा हक्क आहे. घाबरून ती सोडायला लावणारा सल्लागार क्लायंटचं नुकसानच करतो. खोटं टाळण्याइतकंच खरं मिळवून देणं हेही आपलंच काम.

फी. रिफंडच्या टक्केवारीवर कधीही घेऊ नका. टक्केवारी घेतली की रिफंड फुगवण्यात तुमचा हितसंबंध तयार होतो, आणि तीन वर्षांनी ‘यात तुमचा वाटा किती होता?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. कामाच्या स्वरूपावर ठरलेली फी ठेवा आणि ती काम घेतानाच सांगा. आकडा ठरवायला पहिल्या हंगामात प्रत्येक रिटर्नला लागलेला वेळ वहीत लिहा, फोनवरच्या वेळेसकट. मी लिहिला तेव्हा कळलं की साध्या पगाराच्या रिटर्नला पाऊण तास जातो आणि शेअर-ऑप्शनच्या एका रिटर्नला सहा-सात तास. फी मात्र मी दुप्पटच घेत होते. साधे क्लायंट अवघड क्लायंटचा खर्च उचलत होते, जे अन्यायाचं होतं. नोटिशीच्या उत्तराची फी वेगळी, पण चूक माझी असेल तर शून्य. हे दोन्ही मी आधीच लिहून देते. ओळखीतले लोक ‘दोन मिनिटांचं तर काम’ म्हणतील. ज्यांना फुकट करायचं त्यांची नावं तुम्हीच ठरवा, जसे माझ्याकडे काही निवृत्त आणि एकट्या राहणाऱ्या बायका आहेत. बाकीच्यांना ठरलेला दर सांगताना ओशाळू नका.

वेळेचं गणित समजून घ्या, कारण छोट्या ऑफिसची खरी मर्यादा तीच आहे. एप्रिलमध्येच ‘भरून टाका’ म्हणणारे येतील. थांबवा. शेवटच्या तिमाहीची टीडीएस विवरणपत्रं भरायची मुदत ३१ मे, फॉर्म १६ देण्याची १५ जून. त्याआधी २६ एएस आणि एआयएस अर्धवट असतात. म्हणजे बहुतेक पगारदारांसाठी जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत साधारण सहा आठवडे हातात राहतात. त्यात दिवसाला किती रिटर्न नीट तपासून होतील, तेवढेच क्लायंट घ्या. मुदतवाढीवर विसंबू नका. २०२५मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या रात्री आणखी एका दिवसाने वाढली. ती रात्र ज्यांनी पोर्टलसमोर बसून काढली, त्यांना विचारा. मी २० जुलैनंतर नव्या माणसाचं काम घेत नाही. घाईत भरलेलं रिटर्न दुरुस्त करता येतं हे खरं, पण घाईत न विचारलेला प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही. अपलोड झाल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी झाली का, याची यादी रोज बघा. ही मुदत २०२२पर्यंत १२० दिवस होती आणि काही जुने क्लायंट अजून त्याच हिशोबात असतात.

उरलेल्या महिन्यांत उत्पन्न हवं तर तिमाही टीडीएस, आगाऊ कर, छोट्या व्यावसायिकांची हिशोबवही, घर विकत घेणाऱ्यांचा एक टक्का टीडीएस अशी कामं आहेत. ५० लाख किंवा त्याहून महाग घर घेताना तो टीडीएस कापायचा असतो हे खूप जणांना माहीतच नसतं.

माहितीच्या सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. तुमच्या संगणकात शेकडो लोकांचं पॅन, आधार, बँक खातं आणि पगार असणार. पासवर्डची एक्सेल डेस्कटॉपवर ठेवू नका, पासवर्ड मॅनेजर वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कागद त्या-त्या फोल्डरमध्ये हलवून फोनमधून काढा. बॅकअप दोन ठिकाणी, एक कुलूपबंद. मदतनिसाने काम सोडलं तर त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदला. फायली मी आठ वर्षं ठेवते. सॉफ्टवेअर विकत घेण्याची पहिल्या वर्षी गरज नाही, खात्याची मोफत युटिलिटी पुरते. शंभराच्या वर रिटर्न गेले की मग बघा.

अभ्यासाचं एक. १ एप्रिल २०२६पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ यांच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आलं, कलमांचे क्रमांक सगळे बदलले. पण ३१ मार्च २०२६पर्यंतच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागतो, त्याच्या नोटिसा आणि फेरआकारणीलाही. म्हणजे पुढची काही वर्षं टेबलावर दोन्ही पुस्तकं लागतील. तुमच्यासारख्या नव्याने सुरू करणाऱ्याला यात संधी दिसते मला. नवा कायदा सगळ्यांनाच पहिल्यापासून वाचायचा आहे आणि आमच्यासारख्यांची पाठ झालेली कलमं आता तितकी उपयोगी नाहीत.

क्लायंटबद्दल शेवटी, कारण तेच सगळ्यांत कमी अवघड आहे. तुम्ही आत्ता ज्या ऑफिसात आहात तिथली यादी बरोबर नेऊ नका. ते काम सीएंचं आहे, आणि ऑडिटचं काम आलं की तुम्हाला त्यांच्याकडेच पाठवावं लागेल. त्यांना स्पष्ट सांगून बाहेर पडा. हंगाम संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू करा. आधी अडकलेली कामं घ्या: न आलेला रिफंड, जुनी थकबाकी, राहून गेलेलं रिटर्न. अद्ययावत रिटर्नची (नेहमीची मुदत गेल्यावर जादा कर देऊन भरायच्या रिटर्नची) मुदत २०२५मध्ये दोनावरून चार वर्षं झाली आहे, उशिराप्रमाणे जादा कर २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत जातो, आणि हे समजावून सांगणारं माणूस लोकांना सापडत नाही. एखाद्याचा दोन वर्षं अडकलेला रिफंड केवळ बँक खातं प्रमाणित नसल्यामुळे थांबलेला असतो. तो मोकळा करून दिलात की पुढच्या जूनमध्ये तो स्वतःचा फॉर्म १६ घेऊन येतो आणि बरोबर शेजारच्या टेबलावरच्या दोघांना आणतो. पहिल्या हंगामात साठ रिटर्न झाले तरी पुरे. साठांच्या साठ फायलींत हिशोबाचं पान, ‘मंजूर’चं उत्तर आणि वजावटींचे पुरावे आहेत का, हे ऑगस्टमध्ये एकदा बसून तपासा, आणि मगच पुढच्या वर्षी किती घ्यायचे ते ठरवा.